स्टेबलकाकांशी लावलेली पैज

लग्नाचा आहेर ते दोन वर्षांनी देत. लग्नाला यायचे, पोटभर जेवायचे, मठ्ठ्याची तारीफ करायचे आणि नवरानवरीला नमस्कार करून रिकाम्या हाताने घरी जायचे. मग दोन वर्षं उलटली की एखाद्या रविवारी सकाळी दारात उभे. हातात स्टीलची कढई किंवा पितळेचा डबा, वरून सुतळी बांधलेली. "आता द्यायला हरकत नाही," असं म्हणून ती वस्तू पुढे करायचे. आमच्या कचेरीत फोन घेणाऱ्या मुलीने एकदा विचारलं, "काका, एवढा उशीर का हो?" तेव्हा म्हणाले, "पहिल्या दोन वर्षांत बरेच दोष बाहेर येतात. ते निस्तरून जे उरतं, त्याला आहेर करावा." तिचा नवरा शेजारीच उभा होता. त्याला हे पटल्यासारखं दिसलं.

सगळे त्यांना पाठीमागे स्टेबलकाका म्हणत. तोंडावर सर. मीही सरच म्हणायचे, पण पहिली दोन वर्षं त्यात आदर फारसा नव्हता, हे कबूल केलेलं बरं.

आमची संस्था म्हणजे रुग्णसाहित्य केंद्र. घरी कुणी आजारी पडलं, मांडीचं हाड मोडलं, दवाखान्यातून सोडलं पण अजून उठता येत नाही, अशा वेळी जे जे लागतं ते आम्ही वापरायला देतो आणि काम झालं की परत घेतो. खाट, चाकाची खुर्ची, वॉकर, पाण्याची गादी, ऑक्सिजनचं यंत्र. खडकीपासून खडकवासल्यापर्यंत चौदा शाखा. कुठली वस्तू कुठल्या शाखेत आहे, कुणाच्या घरी गेली आहे, परत कधी येणार, हे सगळं सरांच्या सर्व्हरवर. सर्व्हर म्हणजे मुख्य कचेरीत, पूर्वी मोरी असलेल्या खोलीत ठेवलेलं एक घुमणारं यंत्र. मोरीचा उंबरठा तसाच होता. सर तिथे चपला काढून आत जात.

त्याआधी त्यांनी सव्वीस वर्षं दारूगोळ्याच्या कोठारात काम केलं होतं. तिथून निवृत्त झाल्यावर संगणक शिकले आणि आमच्याकडे आले. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा ते एकोणसत्तर वर्षांचे होते. कुठल्याही नव्या गोष्टीबद्दल मी "करून बघू या ना सर" म्हटलं की ते चष्म्यावरून बघत. "बाई, मी जिथे होतो तिथे हे वाक्य म्हणणारी माणसं फार काळ म्हणत राहिली नाहीत."

मी सव्वीस वर्षांची. यवतमाळहून पुण्यात येऊन मला चार वर्षं झाली होती, आणि या माणसाने मला 'बाई' म्हणावं याचा मला भयंकर राग होता. पण ते सगळ्यांनाच अहोजाहो करत. चहावाल्या पोराला, मांजरालाही. सर्व्हर अडला की त्याच्यापुढे हात जोडून म्हणत, "अहो, काय झालं आपल्याला?"

वर्तमानपत्र ते कालचं वाचत. शेजाऱ्यांकडून दुसऱ्या दिवशी सकाळी घेत आणि बसमध्ये उघडत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, म्हातारपणी तारखेचा घोळ होत असेल. मी आपलं प्रेमाने सांगितलं, "सर, हा कालचा आहे." ते म्हणाले, "ठाऊक आहे. आजच्या बातम्या अजून कच्च्या आहेत. उद्यापर्यंत टिकल्या तर वाचेन."

माझी आणि त्यांची पहिली चकमक पहिल्याच आठवड्यात झाली. यादी चाळताना मला दिसलं की एक गृहस्थ, राहणार खडकवासला, अकरा वर्षं एक खाट घेऊन बसले आहेत. शिवाय वॉकर, दोन कुबड्या आणि पाण्याची गादी. मी संतापले. लोकांना खाट मिळत नाही आणि हा माणूस अकरा वर्षं त्यावर लोळतोय. मी संस्थेच्या कागदावर एक खरमरीत नोटीस लिहिली, "आपली लाज वाटते" इथपर्यंत जाऊन पोचले आणि सहीसाठी सरांपुढे ठेवली. त्यांनी ती दोनदा वाचली. शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या. मग म्हणाले, "मसुदा चांगला आहे. फक्त हे गृहस्थ नाहीत."

"वारले?"

"जन्मलेच नाहीत. रोज सकाळी सर्व्हर सुरू आहे की नाही हे बघायला मी यांची खाट परत घेतो आणि पुन्हा देतो. खऱ्या माणसावर प्रयोग कशाला? ते बिचारे अकरा वर्षं सगळे आजार सोसताहेत. आता तुम्ही त्यांना लाजही वाटायला लावलीत."

ही गोष्ट त्यांनी चौदाही शाखांत सांगितली. त्यानंतर मी कुठल्याही शाखेत गेले की कुणीतरी त्या गृहस्थांची तब्येत विचारी.

आता भांडणाचं मूळ सांगते. सर्व्हरवर जी ऑपरेटिंग सिस्टिम असते, ती दोन प्रकारे मिळते. एक स्टेबल. ती दोन वर्षांतून एकदा नवी येते. मधल्या काळात तिच्यात काही नवीन येत नाही, फक्त कुठे भोक पडलं तर ठिगळ लावून मिळतं. दुसरी रोलिंग. तिच्यात रोज काही ना काही नवीन येतच राहतं, दोन वर्षं थांबायची भानगड नाही. स्टेबलवाला माणूस दोन वर्षं निवांत असतो आणि मग एका दिवसात घर बदलतो. रोलिंगवाल्याच्या घरी रोज एक भांडं नव्या फडताळात गेलेलं असतं.

सर अर्थातच स्टेबलचे. मात्र ठिगळं आली की त्याच दिवशी लावत. "स्टेबल म्हणजे आंघोळ न करणारा नव्हे," म्हणत. आणि दर दोन वर्षांनी घर बदलायचा त्यांचा दिवस ठरलेला, गणपती विसर्जनाचा दुसरा दिवस. मिरवणूक संपलेली असते, सगळं पुणं कानात ढोल घेऊन झोपलेलं असतं, शाखा बंद असतात, आणि खाट मागायलासुद्धा कुणी उठत नाही. त्या दिवशी सर खडकीहून चालत येत, रस्त्यातला गुलाल तुडवत. थर्मासमध्ये चहा, पिशवीत दोन दशम्या. संध्याकाळपर्यंत नवी आवृत्ती चालू. त्यांच्या काळात त्या दिवशी काहीही मोडलं नाही. मला हा निव्वळ दैवाचा भाग वाटायचा.

मी रोलिंगची. शाखांतल्या लोकांसाठी मी मोबाइलवरचं एक अॅप लिहिलं होतं. खाटेवरचा बारकोडचा पट्टा मोबाइलला दाखवला की नोंद आपोआप. त्याला सर्व्हरवर नवी साधनं लागत होती, आणि सरांच्या स्टेबलमधली साधनं माझ्या मते संग्रहालयात ठेवायची होती. मी म्हणायचे, "सर, जग पुढे चाललंय." ते म्हणायचे, "जाऊ दे. कुठे पोचतंय ते कळलं की आपण जाऊ."

एका देणगीदाराने दोन नवी यंत्रं दिली आणि भांडण उघड्यावर आलं. आमच्या कार्यवाह निवृत्त मेट्रन. चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या बाईंना दोघांचं एकदम ऐकून घ्यायची सवय होती. त्यांनी दहा मिनिटं ऐकलं आणि निकाल दिला. "दोघांचंही लावा. वर्षभर. खडकीकडच्या सात शाखा हिच्या रोलिंगवर, स्वारगेट ते खडकवासला सात शाखा तुमच्या स्टेबलवर. आणि थांबा-वही मोजा."

थांबा-वही ही मेट्रनबाईंचीच पद्धत. प्रत्येक शाखेत टेबलावर एक वही असते. सर्व्हर बंद पडला आणि दारात आलेल्या माणसाला 'थांबा' म्हणावं लागलं, की त्यात लिहायचं. कोण, कशासाठी आलं, किती वेळ थांबलं. "सर्व्हर किती मिनिटं बंद होता ते मला सांगू नका. माणूस किती वेळ उभा होता ते सांगा," असं त्या म्हणत. वर्षभरात ज्याच्या बाजूला कमी वेळा थांबावं लागेल, त्याची पद्धत सगळीकडे. वर्ष संपलं की सर निवृत्त होणार होते आणि सर्व्हर माझ्या ताब्यात येणार होता. म्हणजे सरांनी चौदा वर्षं जपलेली पद्धत राहणार की मोडीत निघणार, एवढाच प्रश्न होता, आणि तो दारात उभ्या राहणाऱ्या माणसांवर ठरणार होता.

ते वर्ष मी हवेत होते. माझा सर्व्हर रोज पहाटे चारला आपोआप नवं ते घ्यायचा आणि सकाळी नऊला मी यायचे तेव्हा हिरवा दिवा लागलेला असायचा. मी सरांच्या टेबलावरून जाताना मुद्दाम विचारायचे, "आमच्याकडे आज अठ्ठावीस गोष्टी नवीन आल्या. तुमच्याकडे?"

"धूळ," ते म्हणायचे.

ते त्या वर्षी दुपारी जरा पेंगत. मी कचेरीत सांगत असे की स्टेबलकाकांचीही आता आवृत्ती जुनी झाली. मला आठवतंय, हे वाक्य मी दोनतीनदा वापरलं, कारण पहिल्या वेळी लोक हसले होते.

वर्ष संपलं. वह्या आल्या. माझ्या बाजूला दोनदा थांबावं लागलं होतं, सरांच्या बाजूला तीनदा. सभेत मेट्रनबाईंनी आकडे वाचून दाखवले आणि सरांकडे पाहिलं. ते उठले. "बाईंचं सरस ठरलं," म्हणाले. "सगळीकडे रोलिंग लावावं, अशी सूचना मी मांडतो." आणि बसले. मला वाटलं होतं, निदान एखादा टोमणा तरी येईल. तो आला नाही म्हणून मी थोडी हिरमुसले.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः मला त्यांचा प्रवेश बंद करायला लावला. "निवृत्त माणसाच्या हातात किल्ली नको." मग एक निळी फाइल दिली, चांगली चाळीस पानांची, त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेली. "काही पुसायच्या आधी हे वाचा," म्हणाले.

मी फाइल घेतली आणि मॉनिटरखाली ठेवली. मॉनिटर दोन बोटं उंच झाला आणि मानेला फार बरं वाटलं. मग मी दोन्ही यंत्रं पुसून कोरी करकरीत रोलिंग चढवली. जुन्या वर्षाचं सगळं नियमाप्रमाणे बॅकअपच्या डिस्कवर टाकलं. संध्याकाळी चौदा शाखा माझ्या होत्या.

दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, पहाटे चारला माझ्या सर्व्हरने डेटाबेसची नवी आवृत्ती घेतली. डेटाबेस म्हणजे जिथे आमच्या सगळ्या नोंदी असतात ते कपाट. नव्या कपाटाला जुन्या नोंदी वाचता येईनात. सकाळी नऊला चौदा शाखांमध्ये एकही खाट नव्हती, एकही खुर्ची नव्हती, कुणी आजारी नव्हतं.

सव्वानऊला स्वारगेटहून रशीदभाईंचा फोन. रशीदभाई तिथली शाखा सांभाळतात. त्यांच्या घरात तीन पिढ्या नवारीच्या खाटा विणत, त्यामुळे खाट म्हटली की त्यांना कुणी काही शिकवू शकत नाही.

"मॅडम, मशीन म्हणतंय आपल्याकडे काहीच नाही."

"पाच मिनिटं द्या."

"मी देतो. पण माझ्यासमोर एक मुलगा उभा आहे. आईला दवाखान्यातून सोडलंय. अँब्युलन्स निघाली. घरी ऑक्सिजनचं यंत्र लागणार आहे. ते कुठल्या शाखेत आहे तेवढं सांगा, मग तुम्ही पाच मिनिटं घ्या का पन्नास."

मला सांगता आलं नाही. मी काय काय केलं ते लिहीत नाही, कारण त्यातल्या कशाचाच उपयोग झाला नाही. रशीदभाईंनी तेरा शाखांना एकेक करून फोन लावला. लोकांनी फडताळं उघडून बघितली. यंत्र खडकवासल्याच्या शाखेत सापडलं. मुलगा टेंपो करून तिकडे धावला. तोवर अँब्युलन्स घराखाली उभी आणि म्हातारी आत, अँब्युलन्सच्या सिलिंडरवर. सर्व्हर मी दुपारी अडीचला उठवला, तेव्हा ती आपल्या घरी खाटेवर होती आणि बरी होती. त्यात माझा काहीही हात नव्हता.

संध्याकाळी मी स्वारगेटला गेले. रशीदभाईंनी मला चहा दिला आणि वही पुढे ठेवली. त्यांनी लिहिलं होतं, 'आई अँब्युलन्समध्ये. दीड तास.' मी म्हटलं, "रशीदभाई, मला काही समजून नाही राहिलं. वर्षभर तर एकदम बराबर चालून राहिलं होतं." घाबरले की मी सरळ यवतमाळला पोचते.

"तेच मी म्हणतो," रशीदभाई म्हणाले. "वर्षभर चालत होतं ना? मग तेव्हा काय वेगळं होतं ते बघा."

पुढच्या आठवड्यात छापायचं बंद पडलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात माझंच अॅप. वह्या भरायला लागल्या. तिसऱ्या वेळी मी वैतागून टेबलावर हात आपटला, मॉनिटर हलला आणि मला ती निळी फाइल दिसली. वर मॉनिटरच्या पायाचा गोल ठसा उमटला होता.

पहिल्या पानावर तारीख, पैज सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. पुढे, 'पहाटे ५.१०. बाईंच्या सर्व्हरवर चारला आले तेच घरी घेऊन पाहिले. छापण्याचा भाग मोडतो. तिथे जुनाच परत लावून रोखला.' पुढच्या पानावर, 'डेटाबेस नवा आला. जुन्या नोंदी वाचत नाही. रोखून ठेवला. नोंदी आधी बदलाव्या लागतील, पद्धत पान २२ वर.' मग आणखी. मग आणखी. चाळीस पानं. कधी चार ओळी, कधी नुसतं 'आज ठीक.' एकदा, 'बाईंच्या अॅपमध्ये बाईंचीच चूक. दुरुस्त केली. त्या खूश दिसल्या.'

मी बॅकअपची डिस्क काढली आणि त्या वर्षाचा लॉग उघडला. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कोण आलं, कधी आलं, काय केलं, ते तो आपणहून लिहून ठेवतो. तिथे सगळं होतं. रोज पहाटे पाचच्या सुमारास सरांचं नाव. त्यांनी काहीही लपवलं नव्हतं. वर्षभरात कुठल्याही सकाळी मी लॉग उघडला असता तर मला दिसलं असतं. पण हिरवा दिवा लागलेला असताना लॉग कोण उघडतं? मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

रविवारी खडकीला त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, खिडकीत तुळस, टेबलावर एक जुना संगणक, त्याचं एका बाजूचं झाकण काढलेलं. सर पायजम्यावर, हातात स्क्रू ड्रायव्हर. मला बघून त्यांना आश्चर्य वाटल्यासारखं दिसलं नाही. "या बाई. चहा आधी की तक्रार आधी?"

माझी नजर पडद्यावर गेली. रोलिंग. तीही साधी नाही, अगदी ताजी, त्या सकाळची.

"सर, हे तुमच्या घरी?"

"आहे की. बारा वर्षं झाली. रोज सकाळी हे कार्टं काहीतरी मोडून ठेवतं. दोन वर्षांनी आपल्या स्टेबलमध्ये जे येणार, ते आज इथे मोडतं. म्हणून विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माझं काही मोडत नाही." जगात त्यांनी ज्याला अरेतुरे केलं असं हे एकच यंत्र मी पाहिलं. "शिवाय मजा येते. या वयात सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं."

मी फाइल पुढे ठेवली. "तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"चाळीस पानं लिहून सांगितलं."

"मी ती वाचली नाही. मॉनिटरखाली ठेवली."

ते हसतील अशी माझी खात्री होती. ते हसले नाहीत. ठशाकडे बघत म्हणाले, "मग मोडलं असेल." मी सगळं सांगितलं. मंगळवार, अँब्युलन्स, दीड तास. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "आता कशा आहेत त्या?" बऱ्या आहेत म्हटल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "कुणी जाऊन बघितलं?" रशीदभाई दोनदा जाऊन आले, म्हटलं. मग म्हणाले, "चूक माझीही आहे. मला वाटलं तुम्ही वाचलंत आणि वाचून ठरवलंत. फाइल नुसती द्यायची नसते. समोर बसून वाचून घ्यायची असते."

"पण सर, पैज होती. तुम्ही माझा सर्व्हर मोडू दिला असता तर तुम्ही जिंकला असता."

"पैज तुम्ही माझ्याशी लावली होती. खडकीच्या शाखेत वॉकर न्यायला येणाऱ्याने कुणाशी लावली नव्हती," सर म्हणाले. "घरी मोडलेलं पहाटे मला दिसायचं. ते तिकडे नऊला मोडणार हेही दिसायचं. मग काय करायचं होतं मी? नऊची वाट बघत चहा प्यायचा?"

मी चहा प्यायले. जाताना ते जिन्यापर्यंत आले. "रोलिंग वाईट नाही," म्हणाले. "फक्त तिला रोज पहाटे एक माणूस लागतो. तुम्ही तो धरलाच नव्हता."

सोमवारी मी मेट्रनबाईंना सभा बोलवायला सांगितलं आणि सांगायचे मुद्दे लिहायला बसले. मुद्दा पक्का व्हावा म्हणून सरांच्या बाजूला जे तीनदा थांबावं लागलं होतं, त्याच्या तारखा लॉगमधल्या तारखांशेजारी मांडल्या. एकदा त्यांची डिस्क भरली होती. ती ते दर सोमवारी सकाळी सात वाजता रिकामी करत. त्या सोमवारी पहाटे पाचपासून पावणेनऊपर्यंत ते माझ्या सर्व्हरवर होते. दुसऱ्यांदा इन्व्हर्टरची बॅटरी गेली होती. ती बदलायचा दिवस आदल्या दिवशीचा होता, आणि त्या दिवशी माझ्या सर्व्हरवर त्यांचं नाव सकाळी पाचला आहे आणि दुपारी एकलाही आहे. तिसऱ्यांदा मात्र खरोखरच स्टेबल जुनी पडली होती. तेवढंच एक त्यांच्या पद्धतीचं. बाकीची दोन माझी होती, आणि ती त्यांच्या नावावर लागली होती. माझ्या बाजूची दोन कुठली? एकदा रस्ता खोदताना केबल तुटली. एकदा फाइलमध्ये लिहिलं होतं, 'काल ताप. उठवले नाही.'

मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

सभेत मी सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, मॉनिटरसुद्धा. मला वाटलं, आता सर्व्हर माझ्याकडून काढून घेणार. मेट्रनबाईंनी चष्मा पुसला. "म्हणजे जिंकलेला माणूस हरून घरी बसलाय आणि हरलेली जिंकून रडतेय. ते राहू दे. उद्या सकाळी येणाऱ्याचं काय?"

मी म्हटलं, "सगळीकडे स्टेबल. आणि एका जुन्या यंत्रावर रोलिंग, कुठल्याही शाखेला न जोडलेली. ते यंत्र मी घरी नेईन. रोज सकाळी साडेपाचला मी बघेन."

"साडेपाचला? तुम्ही नऊला येता तेव्हा डोळे चोळत असता."

"येईल उठता," मी म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं.

घर बदलायला पुढच्या विसर्जनापर्यंत थांबणं शक्य नव्हतं. मी नरक चतुर्दशीची सकाळ निवडली. त्या सकाळी निम्मं पुणं गाण्याच्या मैफलीला गेलेलं असतं आणि उरलेलं निम्मं फराळ करून आडवं झालेलं असतं. निळी फाइल पहिल्या पानापासून उघडून समोर ठेवली. अॅपमधल्या दोन गोष्टी जुन्या साधनांवर चालेनात, त्या मी काढून टाकल्या. मला त्यांचा फार अभिमान होता. आजवर एकाही शाखेने त्या कुठे गेल्या म्हणून विचारलेलं नाही.

दिवाळीनंतर शाखा उघडल्या त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत मी खुर्चीवरून उठले नाही. मग सरांना फोन लावला. "सर, सगळीकडे स्टेबल लागली."

"आज किती जणांना थांबा म्हणावं लागलं?"

"एकालाही नाही."

"मग फोन कशाला केलात?"

मला बरंच काही म्हणायचं होतं. ते मी दोन दिवस मनात जुळवून ठेवलं होतं.

"चुकून लागला," मी म्हटलं.

"मग हरकत नाही," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहाटे घरी काय मोडलं होतं ते मला पाऊण तास सांगत बसले.